काचेवरचा त्रिकोण

जुन्या रेडिओंचे आणि ॲम्प्लिफायरचे सुटे भाग मी ऑनलाइन लिलावात विकतो. डायलच्या काचा, कॉइल, ट्रान्सफॉर्मर आणि सगळ्यात जास्त व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधी वापरात असलेल्या काचेच्या निर्वात नळ्या. या मालाला गिऱ्हाईक थोडं, पण जे आहे ते जाणकार. शंभर जणांना नको असलेली वस्तू कुठेतरी दोघांना हवी असते आणि लिलाव रंगायला दोघं पुरतात. दोघं मात्र लागतातच. अशा संकेतस्थळांवर प्रत्येक जण आपली कमाल बोली आधीच नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते. म्हणजे जिंकणारा स्वतःची कमाल रक्कम देत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची कमाल बोली आणि वर एक टप्पा, एवढंच देतो. अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ साली दुसऱ्या किमतीच्या लिलावाचं जे गणित मांडलं, त्याच्याशी हे जवळजवळ जुळतं. माल ओळखणारा एकटाच असला, तर दुर्मीळ व्हॉल्व्हसुद्धा सुरुवातीच्या किमतीला जातो. माझे असे गेलेले आहेत.

त्या दिवशीचा लिलाव चार ईसीसी८३ व्हॉल्व्हचा होता. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये आणि जुन्या प्रीॲम्पमध्ये हाच व्हॉल्व्ह लागतो. अमेरिकी क्रमांक १२एएक्स७. नावातच बरंच काही सांगितलेलं असतं: ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर (आतली तापणारी तार), दोन सी म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड (संकेत वाढवणारे तीन इलेक्ट्रोडचे भाग). नवे आजही बनतात, पण इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात बनलेल्या मलार्ड कंपनीच्या व्हॉल्व्हसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. एका निवृत्त मेकॅनिकच्या घरून मला खोकंभर माल मिळाला होता आणि हे चार त्यातलेच. खोक्यावर मलार्ड, काचेवर मलार्ड. मी वर्णनात लिहिलं, ‘चारही ब्लॅकबर्नचे’.

बाकी तपासणी मी नीट केली होती. गेटरचा, म्हणजे आत उरलेली हवा शोषून घेणाऱ्या लेपाचा, चंदेरी डाग शाबूत होता. आत हवा शिरली की तो पांढरा पडतो, म्हणून पहिली नजर तिथेच जाते. दोन्ही ट्रायोड टेस्टरवर वेगवेगळे मोजले. ईसीसी८३ ला २५० व्होल्टवर १.२ मिलिअँपिअर प्रवाह आणि इनपुटच्या दर व्होल्टमागे त्यात १.६ मिलिअँपिअरचा फरक अपेक्षित असतो; माझे आकडे त्याच्या आसपास होते आणि ते मी जसेच्या तसे लिहिले. ‘न वापरलेला जुना साठा’ असं मी लिहिलं नाही. ते शब्द मी तेव्हाच लिहितो, जेव्हा पेटीचं सील माझ्या हातून फुटलेलं असतं.

सात दिवसांची मुदत होती. शेवटच्या दिवशी सकाळी बोली सुरुवातीच्या किमतीच्या सहापट झाली होती. साडेदहाच्या सुमारास निरोप आला. बोली लावणाऱ्यांपैकीच एकाने लिहिलं होतं, ‘काचेच्या खालच्या बाजूला, पिनांच्या जरा वर, बारीक अक्षरांच्या दोन ओळी असतात. चारही व्हॉल्व्हवरच्या त्या ओळींचे फोटो मिळाले तर आभारी होईन.’

त्या ओळी असतात हे मला माहीत होतं. मी त्या वाचल्या नव्हत्या. छापील नाव ठळक होतं, खोकी जुळत होती आणि मी तेवढ्यावर विसंबलो.

खोली अंधारी केली, टॉर्च आडवी धरली. ही खूण काचेत कोरलेली असते. समोरून उजेड टाकला तर दिसत नाही, बाजूने टाकला की उठून येते. फार पुसट असेल तर काचेवर हलकी वाफ सोडायची. बोट मात्र फिरवायचं नाही, कारण छापलेलं नाव बोटाने सहज निघून जातं. पहिल्यावर दुसरी ओळ ‘बी’ने सुरू होत होती. बी म्हणजे ब्लॅकबर्न. पुढचा अंक वर्षाचा शेवटचा, मग महिन्याचं अक्षर, मग आठवडा. दशक त्यात नसतं, ते आतल्या बांधणीवरून ठरवावं लागतं. दुसरा बी. तिसरा बी. चौथ्यावर अक्षर नव्हतंच. तिथे एक चिमुकला त्रिकोण होता.

त्रिकोण ही नेदरलँड्समधल्या हेर्लेनच्या कारखान्याची खूण. मलार्ड ही फिलिप्सच्याच समूहातली कंपनी होती आणि या समूहात एका कारखान्याचा माल दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या खोक्यात सर्रास जात असे. व्हॉल्व्ह नकली नव्हता, वाईट तर मुळीच नव्हता. हेर्लेनचे व्हॉल्व्ह उत्तम असतात. पण माझं वाक्य खोटं ठरलं होतं आणि त्या वाक्यावर लोकांनी पैसे बोलले होते.

लिलाव मागे घ्यायला गेलो, तर ते जमेना. मुदत संपायला बारा तासांहून कमी वेळ उरला होता आणि बोली लागलेला लिलाव तेवढ्या वेळात मागे घेऊ द्यायचा नाही, असा त्या संकेतस्थळाचा नियम. मग हातात होतं तेवढं केलं. वर्णनाच्या अगदी वर दुरुस्ती टाकली, चारही खुणांचे फोटो जोडले आणि बोली लावलेल्या पाचही जणांना वेगवेगळं लिहिलं: चौथा व्हॉल्व्ह हेर्लेनचा आहे, चूक माझी आहे, आपण बोली मागे घेतलीत तर मला पूर्ण मान्य आहे.

दुपारपर्यंत दोघांनी बोली मागे घेतली. त्यातला एक सर्वांत पुढे होता, त्यामुळे यंत्रणेने उरलेल्यांचा हिशेब पुन्हा मांडला आणि किंमत दुपटीवर आली. सहापटीवरून दुप्पट. ते बघणं जड गेलं. हे सगळं खोकं मी उधारीच्या पैशांवर घेतलं होतं.

संध्याकाळभर काही हललं नाही. शेवटच्या वीस सेकंदांत मात्र किंमत साडेचारपटीवर गेली. या धंद्यात हे नवं नाही. ऑल्व्हिन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली दाखवलं होतं की ठरल्या क्षणी संपणाऱ्या ईबेच्या लिलावांत जाणकार बोली अखेरच्या क्षणांसाठी राखून ठेवतात. ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत उशिरा बोली आली की वेळ वाढायची, तिथे ही घाई कितीतरी कमी होती. जुन्या मालात तर हे होणारच. जाणकाराने लवकर बोली लावली, की तिच्यामुळेच इतरांना वस्तूची किंमत कळते.

जिंकलेला माणूस अनोळखी होता. सकाळी प्रश्न विचारणारा दुसरा आला. त्याने मला रात्री लिहिलं की त्याला खरं तर तो त्रिकोणवालाच हवा होता, त्याच्याकडच्या एका व्हॉल्व्हला जोडी म्हणून. त्याच्यासाठी तो चारही घ्यायला तयार होता. फोटो मागितले की तो त्रिकोण इतरांनाही कळणार, हेही त्याला ठाऊक होतं. तरी त्याने विचारलं. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

झोप येईना. त्याच खोक्यातले सहा ईसीसी८३ मी आधीच्या दोन महिन्यांत दोन गिऱ्हाइकांना विकले होते, तेच वाक्य लिहून. रात्री साडेअकराला दोघांनाही कळवलं, खूण कशी पाहायची ते सांगितलं, वेगळी निघाली तर माल परत घेईन किंवा फरक देईन असं लिहिलं. एकाचं उत्तर तासाभरात आलं, सोबत फोटो. त्याच्याकडच्या दोन्ही व्हॉल्व्हवर त्रिकोण होता. माल परत करायचा नाही म्हणाला, आवाज आवडला होता. फरकाची रक्कम मी तेव्हाच परत पाठवली. दुसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

खोक्यात अकरा उरले होते. दिवा बंद केला, टॉर्च घेतली आणि एकेक करून बघितले. सात बी, तीन त्रिकोण. एकावरची खूण वाफ सोडूनही वाचता आली नाही. त्याच्या वर्णनात मी तसंच लिहिलं आहे.