आण्णांच्या नावाचं बिल आणि छतावरचे चार पॅनल

२०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी आलं नाही, पण लाईट गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. टाकीत पाणी चढेना, मोबाईल बंद. तेव्हापासून आईचा धोशा होता, "छतावर सोलर बसवूया गं." फेब्रुवारी २०२४ मध्ये छतावरच्या सोलरला अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली आणि मी मनावर घेतलं.

घरी आलेल्या ठेकेदारानं बिल बघून लगेच ३ किलोवॅटचा संच सांगितला. महिन्याला ३०० च्या आसपास युनिट जात होती आणि १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, म्हणजे त्याचं गणित चुकीचं नव्हतं. पण ही ३०० युनिट जातात कुठं, ते मला आधी बघायचं होतं. रोज रात्री नऊला मीटरचं रीडिंग घ्यायचं आणि आईनं ते कालनिर्णयावर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहायचं, असं महिनाभर केलं.

चोर सापडले. चार जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे, दिवसाला बारा-बारा तास फिरणारे. ते काढून ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे लावले, तर महिन्याला साठेक युनिट वाचली. दुसरा चोर गिझर. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की १ युनिट गेलं. आमच्याकडं तो रोज तासभर चालायचा. त्याजागी पाणी तापवायचा १०० लिटरचा सोलर बसवला. वापर १८५ वर आला आणि आमचं काम २ किलोवॅटमध्ये भागणार हे कळलं. अनुदान २ किलोवॅटला ६० हजार, ३ ला ७८ हजार. जास्त अनुदान मिळतंय म्हणून मोठा संच घ्यावा, हे मला पटत नाही. वरचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

खरा वेळ गेला तो कागदात. बिल अजून आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर, आणि ते जाऊन आठ वर्षं झालेली. अर्ज ज्याच्या नावावर मीटर त्याच्याच नावानं करायचा असतो. मृत्यूचा दाखला, घरफाळ्याची पावती, भावाचं संमतीपत्र असं सगळं गोळा करून मीटर आईच्या नावावर करायला दोन महिने गेले. बिलावरून आण्णांचं नाव गेलं त्या दिवशी आई बराच वेळ काही बोलली नाही. जुनं शेवटचं बिल तिनं देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय.

पॅनलची जागा डिसेंबरात ठरवली, ते बरं झालं. तेव्हा सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, सावल्या लांब पडतात. सकाळी नऊला आमच्याच टाकीची सावली ठरलेल्या जागेवर पडलेली दिसली. पॅनल एका माळेत जोडलेले असतात. एकावर सावली आली की बाकीच्यांचीही वीज घटते. म्हणून सांगाडा सहा फूट पुढं घेतला, तोंड दक्षिणेला.

पॅनल बसल्यावर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "आजच चालू करतो." मी नको म्हटलं. नेट मीटर म्हणजे घरात आलेली आणि आपल्याकडून बाहेर लाईनवर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर. ते बसायच्या आधी सोलर चालू केला, तर जुनं मीटर बाहेर गेलेली वीजसुद्धा वापरात धरू शकतं आणि बिल उलट वाढतं. महावितरणचं नेट मीटर लागेपर्यंत तीन आठवडे थांबलो.

मग एका दुपारी कडक ऊन असताना लाईट गेली आणि घरही बंद पडलं. आई म्हणाली, "अगं, ऊन हाय की वर! मग?" तिला समजावताना मला वाईट वाटलं, कारण तिला सोलर हवा होता तोच मुळी पुरातल्या अंधारासाठी. लाईन बंद असताना आपली वीज खांबावर गेली तर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून असा संच आपोआप थांबतो. लाईट गेल्यावरही पॅनलची वीज हवी, तर बॅटरीवाला हायब्रीड संच घ्यावा लागतो. हे मी आईला आधीच सांगायला हवं होतं. दोन दिवे आणि एका पंख्यापुरता छोटा इन्व्हर्टर आता वेगळा घेतलाय.

जुलैच्या झडीत दिवसाला कशीबशी २ युनिट मिळतात. पण एप्रिल-मेमध्ये जास्तीची युनिट खात्यात जमा झालेली असतात आणि ती मार्चअखेरपर्यंत वापरता येतात, त्यामुळं पावसाळा त्यावर निघतो. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. रीडिंग आता मोबाईलवर दिसतं, तरी आई रात्री नऊला कालनिर्णयावर लिहिते. दोन आकडे, गेलेली आणि आलेली.