अर्ज देऊन काही होतं का? तुम्ही विचारलंत म्हणून…

नाशकात दोन-तीन सरकारी कचेऱ्यांच्या तोंडाशी माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्यामुळे या शहराचा राग आधी माझ्याकडे येतो, साहेबांकडे नंतर. रस्त्यातले खड्डे, कमी दाबाने येणारं पाणी, बंद पडलेले पथदिवे, न आलेली घंटागाडी, सगळं मी रोज मंगल फॉन्टमध्ये बघतो. निवेदन टाईप होतं, दोन प्रती निघतात, आणि सुटे पैसे हातात घेता घेता गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, देऊन काही होईल का पण?" मी "द्या तर खरं" म्हणून वेळ मारून नेतो, कारण मागे आधार कार्डाची रंगीत झेरॉक्स काढायला कुणीतरी ताटकळत असतं. आज सवड आहे, तर नीट सांगतो.

होतं. पण वेळेत दिलं तर.

काउंटरवर मी पेपर ठेवतो. गिऱ्हाईक पहिलं पान वाचतं, मग अपघात-चोऱ्या, मग राशिभविष्य. आतल्या पानावरच्या बारीक टायपातल्या जाहीर नोटिसा कुणी वाचत नाही, आणि शहराची खरी बातमी तिथेच असते. एखाद्या भूखंडाचं आरक्षण बदलायचं असेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आधी नोटीस काढून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात, त्यासाठी महिन्याभराची मुदत असते. झाडं तोडायची तर १९७५ चा कायदा सांगतो की पेपरात जाहिरात द्या आणि नोटीस त्या झाडावरही डकवा. म्हणजे विचारतात आपल्याला. विचारलेलं आपल्याला कळत नाही, इतकंच. मग एके दिवशी जेसीबी येऊन उभा राहतो आणि माझ्या दुकानात गर्दी होते. तोवर टेंडर निघालेलं असतं, वर्क ऑर्डर झालेली असते. त्या दिवशी लिहिलेलं निवेदन कितीही कडक असलं तरी ते वराती मागून आलेलं घोडंच.

उलट उदाहरणही नाशिकचंच आहे. उंटवाडीच्या म्हसोबाजवळचा जुना वड उड्डाणपुलाच्या आड येत होता. नोटीस लागली ती लोकांनी मुदतीत वाचली, हरकतींचा पाऊस पडला. २०२२ च्या जानेवारीत तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांना "वड राहील" असं सांगावं लागलं. त्या वडाला मोर्चाने वाचवलं की हरकतींनी, यावर वाद घालायला मी तयार आहे. मी टायपिंगवाला, मी हरकतींच्याच बाजूने बोलणार.

तपोवनाच्या वेळी तर विचारू नका. २०२५ च्या नोव्हेंबरात तिथे साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, सुमारे अठराशे झाडं तोडण्याचा विषय आला आणि दुकानात जत्रा भरली. बहुतेकांच्या मोबाईलवर एकच तयार मजकूर. फक्त नाव बदला आणि प्रिंट द्या. मी दिल्या, धंदाच आहे. पण एक आजोबा आले, रोज तिकडे फिरायला जाणारे. त्यांनी शाळेच्या वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून आणलं होतं: अमुक वाटेने आत गेल्यावर डाव्या हाताला कोणती झाडं, त्यातल्या कशावर घरटी आहेत, कुठे ओढ्याची ओल टिकते, आणि याच कामाला जवळपास मोकळी जागा कुठे आहे. जेमतेम पानभर. शंभर जणांनी एकच मजकूर दिला की उत्तरही एकच तयार होतं. त्या आजोबांना उत्तर द्यायचं, तर कुणाला तरी तिथे जाऊन बघावं लागणार. पुढे तो विषय हरित लवाद आणि उच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथेही कोण किती मोठ्याने ओरडलं यापेक्षा कागदावर काय आहे हे बघतात.

आता आपल्याच माणसांबद्दल थोडं, राग मानू नका. त्याच हप्त्यात एक ओळखीचे गृहस्थ आले. तपोवनाची हरकत त्यांनी माझ्याकडेच टाईप केली होती. या वेळी अर्ज सोसायटीतला गुलमोहर तोडून मिळण्याचा. पार्किंगमध्ये गाड्यांवर पानं पडतात म्हणे. नाव-पत्ता मी आधीच्याच फाईलमधून उचलला, तेवढं टायपिंग वाचलं. भाजीवाल्यांचंही तेच. त्यांना रस्त्यावरून उठवा म्हणून कॉलनीचं निवेदन माझ्याकडे, आणि आम्हाला जागा ठरवून द्या, २०१४ चा पथविक्रेता कायदा बघा, म्हणून भाजीवाल्यांचंही माझ्याकडेच. कॉलनीच्या निवेदनावर सही करणाऱ्या वहिनी जाताना त्याच गाडीवरून मेथीची जुडी घेऊन गेल्या. तेव्हा 'नागरिकांचं मत' असं काही एकसंध प्रकरण माझ्या तरी बघण्यात नाही. २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त असताना करवाढीवर शहर पेटलं होतं, मोकळ्या भूखंडांवरच्या करामुळे शेतकरीही चिडले होते. अविश्वास ठरावाची तयारी झाली, ठराव मागे घेतला गेला, नोव्हेंबरात त्यांची बदली झाली. आणि बदली नको म्हणून लोक रस्त्यावर आले तेही नाशिककरच. दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

रविवारी मिसळीच्या टेबलावर तर आम्ही सगळेच आयुक्त असतो. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले, तेव्हा तिची स्टेशनं कुठे हवीत यावर रस्सा निवेपर्यंत भांडणारे मी पाहिलेत. तिकिटाचे दरसुद्धा ठरवून झाले होते.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसले, तेव्हा आमच्या धंद्यात एक मजेशीर अडचण आली. अर्जाची पहिली ओळ 'प्रति'. पूर्वी लोक बिनधास्त नगरसेवकाचं नाव सांगायचे. एका प्रभागात चौघं, त्यामुळे कोणाचं नाव आधी यावरही रुसवेफुगवे. प्रशासक आल्यावर माणसं 'प्रति'वरच अडायला लागली. "आता कुणाला द्यायचं?" मी 'मा. आयुक्त तथा प्रशासक' लिहायचो. गिऱ्हाईक कागदाकडे बघत राहायचं. ज्याच्या घरी सकाळी चहाला जाऊन "अण्णा, तेवढं गटारीचं बघा" म्हणता येतं, आणि ज्याला फक्त शिरनामा माहीत आहे, त्या दोघांना लिहिताना माणसाची भाषाच बदलते. निवेदनं लांबली, विनंती कमी झाली, धमकी वाढली.

धमकीवरून आठवलं. "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील." हे वाक्य माझ्या संगणकात तयारच असतं, कारण दहातल्या आठ जणांना शेवटी तेच हवं असतं. मी म्हणतो, हवं तर ठेवा, पण त्याच्या वर काहीतरी असू द्या. एका अर्जात एकच विषय. जागा अशी लिहा की नवीन माणूसही पोचेल: कुठल्या चौकातून, कुठल्या दुकानासमोर, कुठल्या खांबाजवळ. कधीपासून बिघडलंय ते लिहा, फोटो जोडा. पाणी, कुत्री, पार्किंग आणि देशाची लोकसंख्या एकाच पानात कोंबली, की तो अर्ज कोणत्याच टेबलाचा राहत नाही. मग तो फिरतो.

आणि पोच घ्या. दुसरी प्रत त्यासाठीच असते, घरी फ्रेम करायला नाही. आवक विभागात शिक्का मारून कोपऱ्यात पेनाने नंबर आणि तारीख टाकून देतात. कधी कारकून म्हणतो, "ठेवून जा, पोच कशाला?" तेव्हा हसायचं आणि तिथेच उभं राहायचं. त्या नंबराशिवाय तुमचा अर्ज जन्मलाच नाही असं समजा. नंबर असला तर महिन्याभराने माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारता येतं की अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय केलंत. कायदा २००५ चा, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज साधा असला तरी त्या दहा रुपयांनी फाईल कपाटातून टेबलावर येते, एवढं मी खात्रीने सांगतो.

काही वेळा तरीही होत नाही. आमच्या भागातल्या एक काकू, घरासमोरचं ड्रेनेजचं चेंबर फुटलेलं, पावसाळाभर अर्ज देऊन थकल्या. सगळ्या पोच प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेप्रमाणे. शेवटी माहिती अधिकार टाकला. संबंधित खात्याकडून उत्तर आलं: सदर काम पूर्ण करण्यात आले आहे. खाली सही, तारीख. चेंबर तसंच, वर कुणीतरी बाभळीची फांदी खोचून ठेवलेली. मला वाटलं बाई आता भडकणार. त्या उलट खुशीत. म्हणाल्या, "इतके दिवस ते काहीच बोलत नव्हते. आता खोटं का होईना, सहीनिशी बोललेत." त्या उत्तराच्या पाच झेरॉक्स काढल्या, पाठपोट, आणि नवीन अर्ज टाईप करायला बसवलं. शेवटी 'तीव्र आंदोलना'चं वाक्य घालू का, असं मी विचारलं.

"ते राहू दे," म्हणाल्या, "वर संदर्भात त्यांच्या पत्राचा नंबर आणि तारीख नीट टाक."