घड्याळ अस्सल आहे, पण ते कुणाचं आहे?

भाच्याला त्याचं रोलेक्स सबमरीनर विकायचंय. 2020 मध्ये आलेलं बिनतारखेचं मॉडेल, 124060, बॉक्स आणि वॉरंटी कार्डासकट फुल सेट. मुंबईतल्या एका डीलरकडे ते कन्साइनमेंटवर, म्हणजे घड्याळ आधी द्यायचं आणि विकलं गेलं की पैसे घ्यायचे अशा बोलीवर, ठेवायचं त्याचं जवळपास ठरलं आहे. डीलरचं नाव लिहीत नाही, कारण त्याने कुणाला बुडवल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. शंका मात्र आहेत. त्या फोनवर बोलून दाखवल्या तर भाचा म्हणाला, "मामा, त्याच्याकडचा माल शंभर टक्के ओरिजिनल असतो. आजवर एकाचंही घड्याळ फेक निघालेलं नाही."

ते मलाही मान्य आहे. त्याने विकलेली दोन-तीन घड्याळं मी ओळखीच्या कारागिराकडे उघडलेली पाहिली आहेत, आतली मशीन अस्सल होती. पण माझा प्रश्न घड्याळाचा नाहीच. माझी नोकरी बँकेच्या तपासणी विभागात गेली. तिथे तारण ठेवलेलं सोनं खोटं निघाल्याची प्रकरणं आली, तशीच सोनं खरं असून मालक भलताच असल्याचीही आली. दुसरी निस्तरायला जास्त अवघड असतात.

लॉस एंजेलिसच्या अँथनी फॅररचं प्रकरण घड्याळवाल्यांना ठाऊक असेल. 'द टाइमपीस जंटलमन' हे त्याच्या धंद्याचं नाव. गाड्या, उंच इमारतीतलं आलिशान घर, हातात सतत नवं घड्याळ, आणि हे सगळं व्हिडिओंमधून रोज लोकांसमोर. लोक विश्वासाने त्याच्याकडे आपली घड्याळं विकायला ठेवत. तो ती विकायचा किंवा गहाण टाकायचा आणि पैसे मालकाला द्यायचे सोडून जुनी देणी, जुगार आणि स्वतःचा थाट यांत घालवायचा. याची टोपी त्याच्या डोक्यावर. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच व्हिडिओ टाकून आपण कर्जात बुडाल्याचं सांगितलं, नोव्हेंबरमध्ये अटक झाली, पुढे गुन्हा कबूल केला आणि 70 महिन्यांची शिक्षा लागली. यातल्या कितीतरी लोकांची घड्याळं पूर्णपणे खरी होती. ती खरी होती म्हणून तर चटकन विकली गेली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जुन्या-वापरलेल्या रोलेक्सचे भाव 2022 च्या सुरुवातीला शिखरावर होते, नंतर ते खाली आले. भाव चढते असताना आजचं देणं उद्याच्या नफ्यातून भागतं आणि कुणाला काही कळत नाही. भाव पडले की हाताशी रोकड उरते ती फक्त दुसऱ्यांच्या घड्याळांची.

आता आपल्या डीलरकडे येतो. त्याच्या रीलमध्ये मखमली ट्रेमध्ये मांडलेली घड्याळं असतात आणि शेजारी यंत्रावर नोटा मोजल्या जात असतात. भाच्याला त्याने सांगितलं की हवं असेल तर अर्धी रक्कम रोख देतो. हे ऐकून मी चिडलोच. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने 2017 पासून बंदी आहे आणि जेवढी रोख घेतली तेवढ्याच रकमेचा दंड लागतो. तो लागतो घेणाऱ्याला. म्हणजे इथे भाच्याला. घड्याळांच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरी शंका एका ओमेगा स्पीडमास्टरमुळे आली. मार्चच्या सुमाराला त्याने ते 'सोल्ड' म्हणून टाकलं होतं. बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या आकडे असलेल्या कड्यावर, 90 च्या आकड्याला लागून एक बारीक टवका होता, तो मला आठवत होता, कारण स्पीडमास्टर दिसलं की माझी नजर आधी 90 च्या ठिपक्याकडे जाते (तो आकड्याच्या वर आहे की बाजूला, हे शौकीन आधी बघतात). दिवाळीच्या आधी तेच घड्याळ, तोच टवका, 'नुकतंच आलंय' म्हणून पुन्हा झळकलं. गिऱ्हाइकाने परत विकलं असेल, शक्य आहे. पण मधल्या काळात ते कुणाच्या मालकीचं होतं, हे डीलरला विचारलं तर त्याने विषय बदलला.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी. भाच्याने मला पावतीचा नमुना पाठवला. त्यावर छापील मजकूर एवढाच: 'रोलेक्स सबमरीनर, ब्लॅक, 1 नग.' रेफरन्स नंबर (मॉडेलचा क्रमांक) नाही, सीरियल नंबर (त्या एका घड्याळाचा स्वतःचा क्रमांक) नाही, किमान किंमत नाही, परतीची तारीख नाही, पैसे 'विक्रीनंतर'. सीरियल नंबर तर घड्याळाच्या काचेखालच्या कडीवर 6 च्या बाजूला कोरलेला असतो, भिंग लावून वाचायला मिनिटही लागत नाही. पैसे देण्याघेण्याचा क्यूआर कोड फर्मच्या नावाचा नाही, एका तिसऱ्याच व्यक्तीच्या नावाचा आहे. जीएसटी नंबर मागितला, तो अजून आलेला नाही. आला असता तर जीएसटीच्या संकेतस्थळावर नोंदणी कुणाच्या नावे आहे आणि कधीपासून, हे कुणालाही पाहता येतं.

भाच्याला वाटत होतं की गडबड झालीच तर पोलिसांत जाऊन घड्याळ परत मिळवू. मी त्याला 1930 च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम 27 वाचायला लावलं. तुम्ही आपण होऊन तुमची वस्तू विक्रीचा धंदा करणाऱ्या दलालाच्या ताब्यात दिलीत, त्याने ती नेहमीच्या व्यवहारात विकली आणि घेणाऱ्याने प्रामाणिकपणे घेतली, तर मालकी घेणाऱ्याची होते. तुमच्या हाती उरतो दलालाविरुद्धचा दावा. म्हणजे ज्याचे पैसे संपलेत त्याच्याकडेच पैसे मागायचे.

एवढं सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मामा, मग विकूच नको का?" विक की. पैसे खात्यात जमा झाल्यावर घड्याळ हातातून सोड. कन्साइनमेंटवरच द्यायचं असेल तर पावतीवर सीरियल नंबर, किमान किंमत आणि परतीची तारीख हवी, घड्याळ कुठे राहणार आणि विमा कुणाच्या नावाचा ते लिहून हवं, आणि पैसे फर्मच्याच खात्यातून यायला हवेत. हा मजकूर मी त्याला टाइप करून दिला आणि त्याने तो डीलरला पाठवला. उत्तर आलं, "सर, आपल्याकडे सगळं विश्वासावर चालतं."

भाच्याने अजून होकार दिलेला नाही. पुण्या-मुंबईत कुणी कन्साइनमेंटचा रीतसर करार करून घड्याळ विकलं असेल, तर त्यात कोणती कलमं होती ते मला जरूर कळवा.