कावळ्याच्या माठात पाणी किती होतं?

लहानपणीच्या गोष्टींतलं मोठेपणी नक्की काय कामी येतं, हे मला बरेचदा विचारलं जातं. तात्पर्यं सगळ्यांना पाठ असतात, पण ऐन वेळी त्यांचा उपयोग होत नाही. माझं मत असं, की तात्पर्य बाजूला ठेवावं आणि गोष्टीतला तपशील धरावा. तुम्ही विचारलंत म्हणून जरा उलगडून सांगते.

तहानलेला कावळा घ्या. ‘प्रयत्न सोडू नका’ एवढंच आपण त्यातून उचलतो. पण सगळी मदार माठात मुळात पाणी किती होतं यावर आहे. साधारण सारख्या आकाराचे गोल खडे भांड्यात भरले, तर ते सुमारे ६० टक्के जागा व्यापतात. ४० टक्के फटी उरतात. उभट, सरळ भांड्यात पाणी निम्म्यापर्यंत असेल, तर भांडं खड्यांनी पुरतं भरायच्या आतच पाणी काठाला येतं. पाणी चौथा हिस्साच असेल, तर खडे काठोकाठ भरले तरी पाणी ६० टक्क्यांच्या जरा वर येऊन थांबतं, तेही खड्यांच्या फटींत. चोच तिथवर जात नाही आणि घातलेली मेहनतच आता वाटेत आडवी येते. दोन सारखे काचेचे पेले घ्या, एकात अर्धं आणि एकात पाव पाणी घाला, खडे टाकत जा. पाच मिनिटांत डोळ्यांनी दिसेल.

कर्जाचं हेच होतं. हप्ता महिन्याच्या व्याजाहून कमी असेल, तर वर्षानुवर्षं नेमानं भरूनही मुद्दल जागचं हलत नाही. तिथे चिकाटी कमी पडलेली नसते, पहिली पातळीच कुणी पाहिलेली नसते. म्हणून आधी पातळी मोजायची, दहा खडे टाकले की पुन्हा मोजायची.

खडा कोणता, हाही प्रश्न आहेच. २००९ साली क्रिस्टोफर बर्ड आणि नेथन एमरी या संशोधकांनी कावळ्याच्याच कुळातल्या रूक पक्ष्यांपुढे पाण्याची नळी ठेवली, त्यात तरंगती अळी. पक्षी लवकरच लहान खडे सोडून मोठे उचलू लागले.

मुंगसाची गोष्ट पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात येते. त्याचं नावच ‘अपरीक्षितकारक’, म्हणजे न तपासता करणारा. मुंगसाच्या तोंडाला लागलेलं रक्त खरंच होतं. चुकला तो त्याचा लावलेला अर्थ. पाळण्यापाशी एकदा जाऊन पाहिलं असतं तर मेलेला साप दिसला असता. कुणाचा तुटक निरोप आला की पुरावा आणि अर्थ असे वेगळे करून पाहावेत, आणि उत्तर पाठवण्याआधी एक फोन करावा.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती कबुतरांच्या गोष्टीची, कारण ती आपण अर्ध्यावर तोडतो. सगळी मिळून जाळं घेऊन उडाली, एकीचं बळ, संपलं! पण एकीनं जाळं फक्त हललं, तुटलं नाही. ते तोडायला हिरण्यक उंदीर लागला: वेगळ्या जातीचा, वेगळं कसब असलेला, आणि संकटाच्या आधीपासूनचा मित्र. तो आधी राजा चित्रग्रीवाचे पाश तोडायला धावतो, तर राजा त्याला अडवतो. आधी माझ्या सोबत्यांचे तोड, म्हणतो. माझे तोडताना तुझे दात मोडले किंवा पारधी आला, तर त्यांचं काय?