हृदय नवं बसलं, पण न्यूमोनियानं माणूस गेला

लुई वॉशकान्स्की हे नाव मला सारखं आठवतं, आणि तेही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या मेडिकल दुकानाच्या काउंटरवर उभं असताना. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनमध्ये डॉ. ख्रिश्चन बर्नार्डनी या माणसाला दुसऱ्याचं हृदय बसवलं, जगातलं पहिलं. १८ दिवस जगला. लोकांना वाटतं शरीरानं हृदय नाकारलं म्हणून गेला, तर तसं नाही, नवं हृदय शेवटपर्यंत चांगलं चालत होतं, गेला तो न्यूमोनियानं. रिजेक्शन होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची औषधं दिलेली आणि त्या दाबलेल्या शरीरात जंतूंनी फुफ्फुसं धरली.

पेच हाच आहे बघा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, त्यांना दुसऱ्याचं हृदय पण परकं आणि जंतू पण परका, एकाशी लढू नको म्हणून त्यांना गप्प बसवलं की दुसऱ्याला रान मोकळं. १९६८ ला मुंबईत केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनीही हे ऑपरेशन केलं, पेशंट काही तासच जगला. त्या एका वर्षात जगभर शंभराच्या वर ट्रान्सप्लांट झाली, बहुतेक पेशंट लवकरच गेले आणि मग बऱ्याच सर्जननी नादच सोडला, फक्त स्टॅनफर्डचे डॉ. शमवे आणि मोजकी मंडळी चिकटून राहिली. खरी वाट मिळाली ती नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीतून निघालेल्या सायक्लोस्पोरिन या रिजेक्शन रोखणाऱ्या औषधामुळं, १९८३ ला त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. आपल्याकडं ३ ऑगस्ट १९९४ ला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट केलं.

पण औषध कितीही चांगलं आलं तरी इन्फेक्शन झालं की भार अँटिबायोटिकवरच येतो. ट्रान्सप्लांट सोडा, साध्या बायपासला पण छाती उघडायच्या आधी तासाभरात अँटिबायोटिकचा डोस देतात, नाहीतर छातीचं हाडच पिकायची भीती. आणि इकडं काउंटरवर रोज कोण ना कोण येतं, "भाऊ, अ‍ॅझीच्या दोन गोळ्या द्या, सर्दी झालीय". सर्दी व्हायरसची, त्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिन काही करत नाही, उलट अंगातले जे जंतू त्यातून वाचतात ते औषधाला दाद न देणारे असतात, आणि ते एका अंगात थांबत नाहीत, घरात पसरतात, दवाखान्यात जातात, तिथं ऑपरेशन होऊन पडलेल्या पेशंटपर्यंत पोचतात. २०१९ मध्ये जगात साधारण १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा दाद न देणाऱ्या जंतूंमुळं गेली. मी नाही म्हणालो की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, ते मला माहीत आहे, तरी मी देत नाही. पाकिटावर ती लाल उभी रेघ असते ना, ती त्याचसाठी, चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या घरच्यांना तर हात जोडून सांगतो, मनानं एक गोळी पण देऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनं टॅक्रोलिमसची, म्हणजे रिजेक्शन रोखायच्या त्यांच्या औषधाची, रक्तातली लेव्हल एकदम वर जाते आणि किडनीवर येतं, टीबीच्या रिफाम्पिसिननं तीच लेव्हल खाली येऊन रिजेक्शन सुरू होऊ शकतं.

आता याचा अर्थ अँटिबायोटिक वाईट असा कुणी काढू नका. लहान पोरांचा घसा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूनं दुखत असेल आणि वेळेवर पेनिसिलिन मिळालं नाही तर काहींना ऱ्हुमॅटिक फिवर होतो आणि हृदयाचा व्हॉल्व्ह कायमचा खराब होतो, मग दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, कित्येक वर्षं. तेव्हा पोराचा घसा सुजलाय, ताप आहे, गिळता येईना, तर काउंटरवर येऊ नका, आधी डॉक्टरला दाखवा, आणि त्यांनी जेवढ्या दिवसांचं लिहून दिलंय तेवढे दिवस द्या, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी.