अर्धी हिरवी, अर्धी पिवळी

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. सोलापुरात एका खाजगी माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी काम करतो. सकाळचा चहाही झाला नव्हता, तेवढ्यात नान्नजच्या अलीकडच्या गावातले एक अण्णा आले. हातातली पिशवी टेबलावर उपडी केली. नुसती पानं.

"बघा ओ साहेब. तुमच्या रिपोर्टावर बाग लावली मी."

रिपोर्ट काढला. तीन वर्षांपूर्वीचा. मुक्त चुना 6.5 टक्के, जमीन द्राक्षाला योग्य. खाली माझीच सही.

पानं शेंड्याकडची होती. शिरा हिरव्यागार आणि मधला सगळा भाग लिंबासारखा पिवळा. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड तिथलं नत्र ओढून शेंड्याला देतं. लोह तसं हलत नाही, म्हणून ते कमी पडलं की पहिला फटका कोवळ्या पानाला. उसाला केवडा पडला म्हणतो, तोच हा प्रकार. अण्णांनी आधी युरिया सोडला होता. मग दुकानदाराच्या सांगण्यावरून ईडीटीए नावाच्या रसायनात बांधलेलं लोह ठिबकमधून दिलं. ते स्वस्त असतं खरं, पण आठच्या वर पीएच असलेल्या आपल्या मातीत ईडीटीए लोह धरून ठेवत नाही. पैसे मातीत गेले, अगदी शब्दशः.

त्यांच्याच मोटरसायकलवर मागं बसून बार्शी रस्त्यानं निघालो. या भागात द्राक्ष कुणाला शिकवायची गरज नाही. नानासाहेब काळ्यांनी 'सोनाका' काढली ती इथंच, नान्नजला. पण गंमत अशी की पाहुणा बागेत आला की वाण कुठला ते विचारतो, खुंट, म्हणजे ज्या मुळावर ते वाण कलम केलंय तो, कुठला ते कुणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

दीड एकर सोनाका, डॉगरिज खुंटावर. छाटणीला पस्तीस दिवस झालेले, बाग फुलोऱ्यात. बांधावरून पाहिलं आणि थबकलो. चौदाव्या ओळीपर्यंत बाग हिरवी, पंधराव्या ओळीपासून पिवळी. रोग असा दोरी लावून येत नाही.

खिशात सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडची ड्रॉपरची बाटली असतेच; मातीत चुना असला की थेंब फसफसतो. हिरव्या बाजूची वीतभर खालची माती काढून थेंब सोडला. जरासे बुडबुडे आले, बसले. पिवळ्या बाजूला तोच थेंब टाकला तर सोड्याची बाटली फोडावी तसा फेस. अण्णा दोन पावलं मागं सरकले.

"इथं उंचवटा होता का कधी?"

"होता की. लावणीच्या आधी जेसीबी लावून सपाट केला."

"आणि माती आमच्याकडं कधी दिली?"

अण्णा गप्प. मग हळूच म्हणाले, "त्याच्या आधी."

उंचवट्याची वरची चांगली माती जेसीबीनं खालच्या अंगाला ओढली आणि पोटातली चुनखडी उघडी पडली. एवढ्या चुन्यात मुळांना मातीतलं लोह घेता येत नाही. रिपोर्ट खोटा नव्हता. पण ज्या मातीचा होता, ती पंधराव्या ओळीपुढं उरलीच नव्हती. आणि सपाटीकरण करणार का, एवढा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. तसं कबूल केलं. अण्णांनी फक्त मान हलवली आणि भाकरी सोडली.

शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी मोडता मोडता त्यांना फ्रान्सची हकिगत सांगितली. 1860 च्या दशकात तिथं मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड आली आणि बागाच्या बागा वाळल्या. उपाय म्हणून अमेरिकन खुंटावर कलमं भरली. पण कोन्याकच्या चुनखडी जमिनीत तीच कलमं पिवळी पडली.

"म्हंजे फ्रान्सलाबी केवडा?"

"फ्रान्सलाबी. मग 1887 साली पिएर व्हियाला नावाचा शास्त्रज्ञ अमेरिकेला गेला. टेक्सासच्या डेनिसन गावचा मुन्सन जंगली द्राक्षांचा जाणकार. त्यानं चुनखडीत आपसूक वाढणारी बर्लँडिएरी ही जंगली जात दाखवली. तिच्या काड्यांना मुळं फुटायला अवघड, म्हणून दुसऱ्या जातींशी संकर केला. आपल्याकडचा 110आर खुंट त्यातलाच."

"आन् आमचं डॉगरिज?"

तेही टेक्सासचंच. पाण्याचा ताण आणि क्षार सोसतं, म्हणून आपल्याकडं रुळलं. पण चुना इतका असला की त्यावरही केवडा पडायचा राहत नाही. अकलूजकडं इटलीची सांजोवेझे वाइनसाठी लावलीय; तिच्या वाइनचं कौतुक होतं, पण तीसुद्धा कुठल्या तरी मुळावर उभी असणार, हे आपल्या डोक्यात येत नाही.

त्यांना ईडीडीएचए प्रकारचं लोह ठिबकातून द्यायला सांगितलं. ते चुनखडीतही टिकतं. महाग आहे, म्हणून फक्त पिवळ्या ओळींना. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट किती ते बघायला बाटली भरून घेतली. दोन्ही बाजूंचे नमुने वेगळे नेले. लॅबमध्ये मुक्त चुना हिरव्या बाजूला 7 टक्के निघाला, पिवळ्या बाजूला 19.

निघताना अण्णांनी हात पुढं केला. "ती बाटली द्या की जरा. पलीकडं धाकट्याची लावण हाय फेब्रुवारीत. खुंटाची रोपं सांगून ठेवलीत."

बांध ओलांडून गेलो. तिथंही जेसीबीच्या दातांचे ताजे वण होते. अण्णा उकिडवे बसले, स्वतःच्या हातानं थेंब सोडला आणि टोपी सावरत कान मातीजवळ नेला.