स्त्री-साहित्याचा पेपर घेतला तेव्हा

एमएला ऐच्छिक विषय म्हणून स्त्री-साहित्य घेतलं, तेव्हा घरच्यांपेक्षा मैत्रिणींनीच जास्त नाकं मुरडली. 'यात स्कोप काय?' वाचनाची यादी पाहून मात्र मलाच धडकी भरली. अकराव्या शतकातलं जपान, एकोणिसाव्या शतकातला बंगाल, इंग्लंड आणि आपलं पुणं. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय लावायचा?

शेवटी जयकर ग्रंथालयात बसून एक वही घातली. प्रत्येक बाई वाचायला कशी शिकली, एवढंच त्यात टिपायचं. 'गेंजी' ही जपानी कादंबरी लिहिणारी मुरासाकी शिकिबू सांगते, भाऊ चिनी ग्रंथ शिकायचा तेव्हा ही नुसतं ऐकून त्याच्याआधी शिकायची. वडील हळहळायचे, ही मुलगा असती तर! बंगालच्या राससुंदरी देवींचा भाग तर मी पुन्हा पुन्हा वाचला. 'चैतन्यभागवत' या धार्मिक ग्रंथाचं एक पान त्यांनी स्वयंपाकघरात लपवलं. मुलगा ताडपत्रावर अक्षरं गिरवायचा, त्यातलंही एक पान मिळवलं, आणि रांधता रांधता एकेक अक्षर ताडून पाहिलं. त्याच बाईने पुढे 'आमार जीबन' हे आत्मचरित्र लिहिलं. रमाबाई रानडे तर पुण्याच्याच. नवरा शिकवायला उत्सुक, घरातल्या बायका टोमणे मारायला. 1910 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणी वाचताना सासुरवासाची ही तऱ्हा फार ओळखीची वाटली. (आजीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, यात नवीन काय?)

मुक्ता साळवे मात्र माझ्या वहीत बसेना. ती उघडपणे शाळेत शिकली, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत. 1855 साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात छापून आलेल्या निबंधात ही मांग समाजातली चौदा वर्षांची पोर विचारते, वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कुठला? तिला अडवणारी माणसं माजघरातली नव्हती, अख्ख्या गावातली होती. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फने 1929 साली लिहिणाऱ्या बाईसाठी मागितलेली स्वतंत्र खोली आणि वर्षाचे पाचशे पौंड मुक्ताच्या शेजारी ठेवले, तेव्हा फक्त घरातल्या अडथळ्यांवरची माझी निम्मी टिपणं मी खोडली.

ट्युटोरियल त्यावरच लिहिलं. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, मग हरिभाऊ आपट्यांच्या यमूचं काय? 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी तिच्या तोंडून सांगितलीय, पण लिहिलीय पुरुषाने. मी म्हटलं, यमूचं दुःख खरं आहे, पण तिचं शिक्षणही हरिभाऊंनीच ठरवलं; राससुंदरीचं कुणी ठरवलं नाही. सर हसले, पटलं की नाही कळलं नाही.

हा पेपर घेणार असाल, तर आत्मचरित्रांपासून सुरुवात करा. 'गेंजी' हजार पानांच्या वर आहे, ती सुट्टीत वाचा.